काचबिंदू आहे म्हणून पूर्ण भूल नको?

सोलापुरात अक्कलकोट, मोहोळकडून ऑपरेशनला आलेल्या काचबिंदूच्या रुग्णांना घरचेच बजावतात, "पूर्ण भूल घेऊ नका, डोळ्याचा दाब वाढून नजर जाईल." हे खरं नाही. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. प्रोपोफॉल, सेव्होफ्लुरेनसारखी भुलीची औषधं तो उलट कमी करतात. वाढतो तो घशात नळी घालताना, खोकल्याने किंवा सक्सिनिलकोलीन या स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे, आणि तोही काही मिनिटांपुरता. पूर्ण भुलीऐवजी फक्त डोळा बधिर करायला डोळ्यामागे दिलेल्या इंजेक्शननेही दाब थोडा वेळ चढतो, हे मात्र कुणी सांगत नाही! खरी काळजी लांबणाऱ्या, डोकं खाली किंवा पालथं ठेवून केलेल्या ऑपरेशनची. म्हणून काचबिंदू आहे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि उपाशी राहायचंय म्हणून त्या सकाळचे डोळ्यांचे थेंब, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, कृपा करून चुकवू नका.