रक्कम झाकलेली, तरी बेरीज बरोबर : मोनेरोचं गणित

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल उत्पादक परदेशी ग्राहकाकडून बिटकॉइनमध्ये पैसे घेतो. (निर्यातीचे पैसे आपल्याकडे बँकेमार्फतच यावे लागतात, हे उदाहरण फक्त गणित समजण्यापुरतं.) ग्राहकाला त्याचा बिटकॉइन पत्ता कळला, तर त्या पत्त्यावर आजवर किती आले, कुठून आले आणि पुढे कुठे गेले हे त्याला इंटरनेटवर फुकट पाहता येतं. सुताच्या व्यापाऱ्याचे पैसे त्याच पत्त्यावरून गेले असतील, तर कारखानदार सूत केवढ्याला घेतो याचा अंदाज ग्राहकाला येतो. पुढच्या ऑर्डरला घासाघीस करायला एवढी माहिती भरपूर झाली.

बिटकॉइन निनावी असतं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बिटकॉइनचे सगळे व्यवहार इंटरनेटवरच्या एका सामाईक हिशोबवहीत लिहिले जातात, आणि २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार त्या वहीत कायमचा उघडा आहे, फक्त नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे आहेत. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीनं २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन खंडणी दिली. त्यातले ६३.७ तपास यंत्रणेनं परत मिळवले, आणि माग काढायला ही उघडी वहीच कामी आली. गुन्हेगार पकडायला हे उत्तम. पण प्रामाणिक धंदेवाल्याची खरेदी-विक्रीही तितकीच उघडी पडते, आणि मला ही अडचण खरी वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेलं मोनेरो हे चलन तीन गोष्टी झाकतं : कुणी दिले, कुणाला दिले, किती दिले. यातलं ‘किती’ सगळ्यात विलक्षण आहे.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची जुनी रीत सांगोल्याकडच्या लोकांना सांगायला नको. भोवती गर्दी असते, पण भाव दोघांनाच कळतो. मोनेरोची अडचण याच्या पुढची आहे. इथे बँक नाही, त्यामुळे हिशोब बरोबर आहे याची खात्री भोवतीच्या गर्दीलाच करून घ्यायची असते, आणि तीही आकडा न पाहता.

यासाठी तॉर्बेन पेडरसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली युक्ती वापरतात. एका विशिष्ट वक्ररेषेवरचे दोन बिंदू आधीच ठरलेले असतात. एकाला रकमेनं गुणायचं, दुसऱ्याला एका गुप्त संख्येनं, आणि दोन्हींची बेरीज करायची. जो नवा बिंदू मिळतो तोच वहीत लिहायचा. त्यावरून रक्कम काढणं कुणाला शक्य नाही. पण अशा बिंदूंची बेरीज केली की आतल्या रकमांचीही आपोआप बेरीज होते. १० नाण्यांतून ७ एकाला दिली आणि ३ स्वतःकडे परत घेतली, तर ७ आणि ३ चे बिंदू मिळून १० चा बिंदू यायला हवा. गुप्त संख्याही जुळतील अशाच निवडलेल्या असतात. (व्यवहाराचं शुल्क उघड असतं, तेही या हिशोबात धरतात.) तपासणाऱ्या संगणकाला ७ दिसत नाही, ३ दिसत नाही, पण बेरीज जुळली हे पक्कं कळतं.

यात एक भोक राहतं. एखाद्यानं १० नाण्यांतून १०१० आणि उणे १००० अशा दोन रकमा काढल्या तर? बेरीज १० च येते, आणि हवेतून १००० नाणी तयार होतात. म्हणून प्रत्येक रक्कम उणे नाही आणि ठरलेल्या मर्यादेत आहे, याचा वेगळा पुरावा जोडावा लागतो, तोही रक्कम न सांगता. सुरुवातीला हे पुरावे फार जड होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘बुलेटप्रूफ’ ही पद्धत आली आणि व्यवहाराचा आकार सुमारे ८० टक्क्यांनी घटला.

‘कुणी दिले’ हे झाकायला रिंग सिग्नेचर लागते. ही कल्पना रिव्हेस्ट, शमीर आणि टाउमन यांनी २००१ मध्ये मांडली. तुम्ही एक नाणं खर्च करता तेव्हा तुमचं वॉलेट (नाणी सांभाळणारं ॲप) वहीतून इतरांची १५ जुनी नाणी उचलतं आणि या १६ नाण्यांच्या गटापैकी, म्हणजे रिंगपैकी, एकाच्या मालकानं सही केली आहे एवढंच सिद्ध करतं. तो मालक कोणता, हे सहीवरून निघत नाही. मग तेच नाणं दोनदा खर्च होण्यापासून कोण अडवणार? प्रत्येक नाण्याच्या गुप्त किल्लीतून एकच एक खूण तयार होते. तिला की इमेज म्हणतात. ती कोणत्या नाण्याची हे कळत नाही, पण तीच खूण पुन्हा दिसली की व्यवहार नाकारला जातो. मला तरी मोनेरोतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

‘कुणाला’ हा भाग तुलनेनं सोपा. पत्ता तुम्ही दुकानाच्या पाटीवर लिहिला तरी चालतो, कारण वहीत तो कधी उमटतच नाही. पैसे देणारा दर वेळी त्यातून एक नवा, एकदाच वापरायचा पत्ता बनवतो. आपल्याला आलेले पैसे ओळखायला तुमच्याकडे ‘पाहण्याची किल्ली’ असते आणि खर्च करायला दुसरी. पहिली किल्ली सीएकडे दिली तर जमा झालेल्या रकमा त्याला दिसतील, पण एक पैसाही काढता येणार नाही. खर्चाची बाजू मात्र या किल्लीनं पूर्ण कळत नाही.

हे कवच अभेद्य नाही. पहिल्या काही वर्षांत इतरांची नाणी मिसळणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे त्या काळातल्या अनेक व्यवहारांचा माग संशोधकांनी काढला. रिंगमधलं सगळ्यात नवं नाणंच बहुधा खरं असतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. नंतर नाणी निवडायची रीत बदलली. रिंग २०१८ मध्ये ११ ची झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये १६ ची.

खंडणीखोरांनाही हेच कवच सोयीचं पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बायनान्स या आभासी चलनांच्या मोठ्या बाजारानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरोची खरेदी-विक्री बंद केली. भारतात अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि मार्च २०२३ पासून हे व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात. म्हणून ‘गुप्त नाणं घ्या, दामदुप्पट होईल’ असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. एकदा गेलेलं मोनेरो परत मागायला ना बँक आहे, ना व्यवहार उलटवायची सोय.

१६ नाण्यांत एक लपवणं पुरेसं नाही, असं आता मोनेरोच्या विकासकांनाही वाटतं. रिंगऐवजी वहीतल्या सगळ्या नाण्यांमध्येच खरं नाणं लपवणाऱ्या पुराव्यावर त्यांचं काम सुरू आहे.