गिरणीतले कलादालन आणि मूळ कृतीचा प्रश्न

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ॲडम्स या छोट्या शहरात विटांच्या जुन्या इमारतींचा मोठा आवार आहे. तेथे 1942 पर्यंत कापडछपाईची गिरणी चालली, पुढे 1985 पर्यंत स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता आणि 1999 मध्ये मास मोका हे समकालीन कलेचे संग्रहालय सुरू झाले. कलेने कारखान्यांत बस्तान मांडले ते स्वस्त आणि ऐसपैस जागेसाठी, असे सांगितले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे, कारण कारखान्याची जागा घेण्याआधीच कलेने त्याची कामाची रीत उचलली होती.

अमेरिकी शिल्पकार डोनाल्ड जड 1964 पासून आपल्या कृती न्यूयॉर्कच्या एका पत्राकाम करणाऱ्या कारखान्यातून करून घेऊ लागले. आराखडा, मापे आणि धातू ते ठरवत. कापणे, वाकवणे, जोडणे हे कारागीर करत. कलावंताचा हातच लागला नाही, तर कृती त्याची कशी ठरते, हा प्रश्न 1989 मध्ये उघड भांडणापर्यंत गेला. जड आणि त्यांचे समकालीन अमेरिकी शिल्पकार कार्ल आंद्रे यांच्या कृती इटलीतील संग्राहक जुझेप्पे पान्झा यांच्याकडे होत्या. पान्झा यांच्या परवानगीने लॉस एंजेलिसच्या एका कलादालनाने दोघांची एकेक कृती नव्याने घडवून प्रदर्शनात ठेवली, मात्र कलावंतांना विचारले नाही. दोघांनीही त्या कृती आपल्या मानायला जाहीर नकार दिला. माझ्या मते त्यांची बाजू रास्त होती: हाताची खूण उरली नाही, तेव्हा कलावंताची संमती हीच अस्सलपणाची एकमेव खूण उरते.

अमेरिकी कलावंत सोल लुइट यांनी ही संमती लेखी सूचनांतच गुंफली. भिंतभर उभ्या रेषा काढाव्यात, त्या सरळ नसाव्यात, एकमेकींना टेकू नयेत आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या असाव्यात, एवढीच त्यांच्या 1970 मधील एका भित्तिचित्राची सूचना आहे. रेषा कुठे किती वळेल, हे काढणाऱ्याच्या मनगटावर सोडलेले असते. लुइट 2007 मध्ये वारले. त्यांनी स्वतः आखून दिलेल्या मांडणीनुसार पुढच्या वर्षी मास मोकाच्या एका इमारतीत 105 भित्तिचित्रे कलावंत आणि विद्यार्थ्यांच्या चमूने रंगवली, आणि ती लुइट यांचीच मानण्यात कोणालाही अडचण वाटली नाही.

त्याच आवारात, त्याच सुमारास, नेमके उलटे घडले. स्विस कलावंत ख्रिस्तोफ ब्युखेल यांच्या सूचनांनुसार संग्रहालयाचे कर्मचारी एक अवाढव्य मांडणी, म्हणजे दालनभर वस्तू रचून केलेली कलाकृती, उभारत होते. तिच्यात दुमजली घर होते, जुने चित्रपटगृहही होते. खर्च ठरलेल्या रकमेच्या बराच पुढे गेला, मतभेद विकोपाला गेले आणि ब्युखेल काम अर्धवट सोडून परतले. मे 2007 मध्ये संग्रहालयाने प्रदर्शन रद्द केले, अपुऱ्या मांडणीवर पिवळी ताडपत्री टाकली आणि ती प्रेक्षकांना दाखवता यावी म्हणून न्यायालयात धाव घेतली. जिल्हा न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला, तरी संग्रहालयाने मांडणी उतरवून टाकली.

ब्युखेल यांच्या अपिलावर 2010 मध्ये निकाल लागला. दृश्यकलावंतांच्या हक्कांचा 1990 चा अमेरिकी कायदा अपुऱ्या कृतीलाही लागू होतो, असे अपील न्यायालयाने ठरवले. ताडपत्रीखालची कृती नुसती लोकांसमोर ठेवल्याने त्या कायद्याचा भंग होत नाही. पण कलावंताचा विरोध असताना कर्मचाऱ्यांनी काम पुढे रेटून कृतीचे रूप बिघडवले का, हा मुद्दा ज्यूरीपुढे जाण्याजोगा आहे, असेही न्यायालयाने म्हटले.