जाड ऑइल टाकलं की गळती थांबते?

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की एक सल्ला हमखास मिळतो: "इंजिनमधून ऑइल गळतंय? जाड ऑइल टाका, आपल्या उन्हात पातळ ऑइल टिकतच नाही." हे खरं नाही.

गरम झालेल्या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर धुळ्याचा मे असो की जानेवारी. ५डब्ल्यू-३० या ऑइलच्या ग्रेडमधला ३० हा आकडा १०० अंशांवरचा, म्हणजे गरम इंजिनातला, जाडपणा सांगतो. तुमच्या हवेला कोणते ग्रेड चालतात, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

गळती होते ती कडक झालेल्या ऑइल सीलमधून, दोन भागांच्या सांध्यातल्या दबलेल्या गॅस्केटमधून किंवा ड्रेन प्लगच्या जुन्या वॉशरपाशी. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणाऱ्या वायूंना वाट देणारी झडप, तर तपासलाच जात नाही! तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब वाढतो, ऑइल सीलबाहेर ढकललं जातं. नवं सील बसवूनही गळती परत येते, ती अनेकदा यामुळेच. जाड ऑइलने फार तर थेंब कमी होतील. पण सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते.

थेंब पडतो तिथेच गळती असेल असंही नाही. ऑइल ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं. इंजिन पुसून घ्या, थोडी गाडी चालवा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक रोज बघा. जळका वास येत असेल, म्हणजे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर गाडी हलवूच नका. आग लागू शकते. मेकॅनिकलाच घरी बोलवा.