अकरावीचा प्रवेश आणि इंग्रजीचा पेपर: गोव्यात कागद कुठले लागतात, अभ्यास किती करावा लागतो

दहावीचा निकाल लागला की आमच्या हायर सेकंडरीच्या व्हरांड्यात प्रवेशाचं टेबल मांडतात आणि फॉर्म तपासायला मला बसवतात. मी इंग्रजी शिकवते. मुलं चुका इंग्रजीत करतात, म्हणून बहुधा हे काम माझ्या वाट्याला येतं. डिचोली-सत्तरीकडून येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला: "टीचर, हा चवथीपर्यंत मराठीत शिकला. अकरावीला इंग्लिश लिटरेचर घेता येईल ना? झेपेल ना?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'घेता येईल का' याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, म्हणून आधी तेच.

मान्यताप्राप्त मंडळाची दहावी पास झालेलं मूल अकरावीला पात्र. प्राथमिक शिक्षण कुठल्या माध्यमातून झालं, हे फॉर्मवर कुणी विचारतही नाही. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलं मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून बहुतेकांचं माध्यम इंग्रजी होतं. म्हणजे तुमच्या समोर बसलेल्या मुलाने पाचवी ते दहावी सहा वर्षं इंग्रजीतूनच काढलेली आहेत. पासाला 33 टक्के. त्याच्या वर किती हवेत ते जागा किती आणि अर्ज किती यावर ठरतं. कला शाखेत रांग सहसा लहान असते.

महाराष्ट्रातले नातेवाईक 'ज्युनिअर कॉलेज' आणि 'केंद्रीय ऑनलाइन फेरी' असे शब्द वापरतात. आपल्याकडे अकरावी-बारावी हायर सेकंडरी शाळेत असते आणि अर्ज थेट त्या शाळेत करायचा असतो. सावंतवाडीच्या मावशीचं ऐकून फेरीची वाट बघत घरी बसलेली मुलं मी दर वर्षी बघते. तोवर जवळच्या शाळेत जागा भरलेल्या असतात आणि मग रोज दोन कदंबा बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागतं.

कागद

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट आकाराचे फोटो एवढं प्रत्येकाला लागतं. मूळ प्रती दाखवायच्या आणि झेरॉक्स जोडायच्या. दाखल्याला आपल्याकडे सगळे नुसतं 'लिव्हिंग' म्हणतात. तो मूळच जमा करावा लागतो, म्हणून देण्याआधी दोन झेरॉक्स काढून घरी ठेवा. रहिवासी दाखला शाळेने मागितला तरच मामलेदार कचेरीत जा. उगाच एक दिवसाची रोजंदारी बुडवू नका.

राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला मुलाच्या नावाचा हवा, वडिलांचा चालत नाही. गोव्यात इतर मागासवर्गीयांना 27 टक्के, अनुसूचित जमातींना 12 टक्के आणि अनुसूचित जातींना 2 टक्के आरक्षण आहे. इथे एक घोळ हमखास होतो. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. त्याआधीचा वडिलांचा जुना दाखला कपाटात असतो आणि त्यावर 'ओबीसी' लिहिलेलं असतं. तोच बघून मूल फॉर्मवर ओबीसीच्या चौकोनात खूण करतं. नवा दाखला काढा आणि तो बघून फॉर्म भरा.

मुलाची दहावी दुसऱ्या मंडळाची असेल, म्हणजे बांबोळी, फोंडा किंवा वास्कोच्या केंद्रीय विद्यालयातून किंवा वाळपई-काणकोणच्या नवोदयातून सीबीएसई करून मूल गोवा बोर्डाच्या अकरावीला येत असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे 'मायग्रेशन' लागतं. ते सीबीएसई डिजिलॉकरवर देतं. त्याच्या आधाराने पर्वरीच्या मंडळाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यायचं असतं. तो अर्ज कसा आणि कधी करायचा ते प्रवेश घेताना शाळेच्या क्लार्कला विचारून ठेवा. बारावीचा परीक्षा अर्ज भरताना हा कागद नाही हे लक्षात आलं की धावपळ होते.

आता आडनाव. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते. गोव्यातल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने केलेल्या आहेत. 'नाईक' शेवटी 'क्यू-यू-ई' लावून लिहिलेला असतो, 'गांवकर'मध्ये 'के'च्या जागी 'सी' असतो, 'शिरोडकर'ची सुरुवात 'एक्स'ने होते. आजोबांच्या नावावरून ते स्पेलिंग वडिलांच्या जन्मदाखल्यावर येतं, शाळेतल्या गुरुजींनी मात्र साध्या वळणाने लिहिलेलं असतं आणि आधारवर तिसरंच काहीतरी असतं. एका मुलीची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं होती आणि वडील मला समजावत होते, "टीचर, उच्चार एकच." उच्चार एकच होता हे खरं. पण संगणकाला उच्चार ऐकू येत नाही. फॉर्मवर नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर तेच लिहायचं आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. जन्मदाखल्यावरचं नावच बदलायचं असेल तर त्याला 1990 चा नाव व आडनाव बदलाचा गोव्याचा कायदा आहे. ते काम निबंधक कार्यालयाचं, शाळेचं नव्हे. आणि ते जूनच्या पहिल्या आठवड्यात होत नाही. धाकटं भावंड आठवी-नववीत असेल तर त्याच्या शाळेतल्या रजिस्टरवरचं नाव आत्ताच तपासा. दहावीचा परीक्षा अर्ज जाण्याआधी दुरुस्ती सोपी असते.

विषयांचा रकाना

'इंग्लिश लिटरेचर' नावाचा रकाना शोधत पालक फॉर्म उलटसुलट करतात. गोवा बोर्डाकडे दोन भाषा आणि चार विषय असा सहा विषयांचा संच असतो. बहुतेक मुलांची पहिली भाषा इंग्रजी असते आणि दुसरी मराठी, कोंकणी, हिंदी, फ्रेंच, पोर्तुगीज यांपैकी शाळेत असेल ती. कविता, कथा, धडे म्हणजे ज्याला तुम्ही लिटरेचर म्हणता ते याच इंग्रजीच्या पेपरात येतं आणि विज्ञान शाखेच्या मुलालाही ते चुकत नाही. म्हणजे 'घेऊ की नको' हा प्रश्नच उरत नाही.

सीबीएसईत मात्र दोन इंग्रजी आहेत, कोअर आणि इलेक्टिव्ह. कोअरची पुस्तकं अकरावीला 'हॉर्नबिल' आणि 'स्नॅपशॉट्स', बारावीला 'फ्लेमिंगो' आणि 'व्हिस्टाज'. इलेक्टिव्ह साहित्याकडे जास्त झुकलेलं. त्याची पुस्तकं अकरावीला 'वोव्हन वर्ड्स' आणि बारावीला 'कॅलिडोस्कोप'. ते सगळ्या शाळा शिकवत नाहीत. दुकानदार समोर दिसेल ते पुस्तक बांधून देतो, म्हणून चिठ्ठीवर नाव लिहून न्या. सीबीएसईत अकरावीला घेतलेला विषय बारावीलाही तोच असतो, तेव्हा जे ठरवायचं ते अकरावीतच ठरवा.

झेपेल का?

गोवा बोर्डाचं गुणविभाजन वर्गशिक्षक जूनमध्येच सांगतात. ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. आकडे देऊन समजावायचं तर सीबीएसईचं 2024-25 चं बारावीचं कोअर घेते, कारण आधी काही वर्षं मी ते शिकवलं आहे. वाचन 22, लेखन 18, साहित्य 40 असा 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुण शाळेकडे. या 20 मध्ये ऐकणं 5, बोलणं 5 आणि प्रकल्प 10. हजेरी 75 टक्के हवी.

साहित्याचे 40 बघून मुलं घाबरतात आणि गाईड आणतात. त्याच क्षणी त्यांचे गुण कमी व्हायला लागतात. प्रश्न उताऱ्यावर असतात. चार ओळी समोर छापलेल्या असतात आणि विचारलेलं असतं, इथे हा शब्द का वापरला असेल? लहान उत्तर 40-50 शब्दांचं, मोठं 120-150 शब्दांचं. गाईडमधलं पाठ केलेलं दीडशे शब्दांचं उत्तर मूल चाळीस शब्दांच्या जागेत कोंबतं, आणि प्रश्न भलताच असतो. माझी वर्गातली अपेक्षा साधी आहे: उद्याचा धडा आज एकदा वाचून यायचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि उत्तर स्वतःच्या मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहायचं. मोडकं वाक्य मी दुरुस्त करू शकते. पाठ केलेल्या वाक्यात दुरुस्त करायला काही नसतंच.

बोलण्याच्या पाच गुणांचं एक उदाहरण सांगते. सत्तरीचा एक मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसायचा. तोंडी परीक्षेत त्याला विचारलं, घरी तुझ्याकडे कुठलं काम असतं? तो म्हणाला, माटोळी. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी वडलांबरोबर रानात जाऊन काय काय आणतो, गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला कसं बांधतो, नारळ कुठे आणि सुपारीचं शिपटं कुठे, हे तो सांगत सुटला. निम्म्या फळांची इंग्रजी नावं त्याला येत नव्हती. मग त्याने आपल्या भाषेतलं नाव सांगून पुढे 'लाल, कडू, खात नाहीत' अशी इंग्रजीत पुस्ती जोडली. परीक्षकाला नेमकं हेच हवं असतं. शब्द अडला तरी बोलणं थांबू द्यायचं नाही. त्याला पाचपैकी चार दिले. एक गुण कापला तो सगळं भूतकाळात सांगितलं म्हणून, आणि तो कापला याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

प्रकल्पाच्या दहापैकी पाच फाइलला आणि पाच तोंडी परीक्षेला. फाइलमध्ये मुखपृष्ठ, उद्देश, कामाचा आराखडा, स्वतः तयार केलेले प्रश्न, 800 ते 1000 शब्दांचा निबंध आणि शेवटी 'मला काय कळलं' हे लिहायचं असतं. शिक्षकाच्या सहीचं प्रमाणपत्रही लागतं. मुलं रंगीत मुखपृष्ठावर दोन दिवस घालवतात आणि निबंध नेटवरून उतरवतात. तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. विषय घरातला घ्या. मुलाखत चालते, आणि आपल्याकडे अजून अशा आज्या आहेत ज्या 'मी सेगुंद ग्राव केलं', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा केला, असं सांगतात. 1961 आधीची शाळा, पोर्तुगीज पाढे, दुपारी मराठी शिकवायला येणारे मास्तर, हे सगळं त्यांच्याकडून मराठीत ऐकायचं आणि इंग्रजीत लिहायचं. गणेश चवथीच्या सुट्टीत सगळं घर एकत्र असतं, तेव्हा हे काम उरकतं. मात्र आजीला आधी सांगून ठेवा. नेवऱ्या (करंज्या) वळताना प्रश्न विचारलेत तर हातात पुरण मिळेल, उत्तर मिळणार नाही.

पुस्तकांतून काम करायचं असेल तर पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात 1832 ची. तिथे गोव्याच्या इतिहासाचा विभाग आहे. इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत पाय असलेल्या मुलाला मी एक विषय नेहमी सुचवते: थॉमस स्टीफन्स. हा जेझुइट पंथाचा इंग्रज मिशनरी 1579 मध्ये गोव्यात आला, इथून वडिलांना पत्र लिहिलं, आणि पुढे ओवीबद्ध मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 मध्ये रायतूरला (राशोल) छापलं गेलं. सदतीस वर्षांचा हिशोब मांडून मुलाला विचारते, इंग्लंडचा माणूस मोठा झाल्यावर मराठी शिकून ओव्या लिहितो, आणि तू पाचवीपासून इंग्रजीतून शिकतोयस, मग तुझं अडतं कुठे? यावर मुलं हसतात. एकीने मात्र विचारलं होतं, "टीचर, त्याला गाईड मिळालेलं?" तिला मी प्रकल्प तोच दिला.

वाचन-लेखनात अडचण असलेल्या मुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. डिस्लेक्सियासारखं निदान असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. सीबीएसईत तो दर तासाला 20 मिनिटं. त्यासाठी सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज जातो. पालक लाजेपोटी हा कागद लपवतात आणि फेब्रुवारीत घेऊन येतात. प्रवेशाच्याच दिवशी तो फॉर्मला जोडा. टेबलावर सगळ्यांसमोर द्यायचा नसेल तर बंद पाकिटात द्या, मी ते बाकीच्यांसमोर उघडत नाही.