ममीच्या चेहऱ्यामागचा निळा रंग

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री १८८८ साली इजिप्तच्या फायुम भागात हवाराला गेला तो पिरॅमिड खणायला. हाती लागली शेजारची रोमन काळातली दफनभूमी. तिथल्या काही ममींना चक्क चेहरे होते. मुखवट्याच्या जागी पातळ लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र, कापडी पट्ट्यांत खोचलेलं. टपोरे डोळे, कानांत मोती, गालावर कोवळी दाढी. अशी सुमारे हजार चित्रं आज माहीत आहेत, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतली.

या काळातली इजिप्शियन कला म्हणजे उतरती कळा, असं सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रिटिश म्युझियममधली आर्टेमिडोरसची ममी पाहा. नाव ग्रीक, चेहरा रंगवलाय रोमन थाटात. पण खाली लाल आवरणावर सोन्याच्या वर्खात ममीची सेवा करतोय तो अनुबिस, इजिप्तचा मृतांचा जुना देव! पद्धत परकी आली, पण श्रद्धा होती तिथेच होती.

यांतली बरीच चित्रं मेणाची आहेत. मधमाश्यांचं मेण वितळवून त्यात रंगाची पूड मिसळायची आणि ते थिजायच्या आत हात चालवायचा. म्हणून चित्रावर बाजूने तिरपा प्रकाश टाकला की गालावरून फिरलेल्या हत्याराचे ओरखडे आजही उठून दिसतात. फळ्या बऱ्याचदा लिंडेनच्या. हे झाड इजिप्तमध्ये उगवतच नाही, लाकूड युरोपातून यायचं. पातळ कापलं तरी चिरत नाही, ममीच्या गोलाईवर वाकतं.

खरी गंमत निळ्याची. वाळू, चुना, तांबं आणि सोडायुक्त क्षार ८५० ते १००० अंश सेल्सिअसला भाजून इजिप्तमध्ये निळा रंग बनत असे, पिरॅमिडांच्या काळापासून. देवांच्या केसांना, भिंतींना तो खुशाल फासलेला असे. ममीच्या चित्रांत मात्र अनेकदा तो दिसतच नाही. पांढरा, पिवळा, लाल, काळा, एवढंच. तेबतुनिस इथल्या चित्रांचा अभ्यास करून २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की निळा तिथेही आहे, पण राखाडी छटांत आणि खालच्या रेखाटनात दडवलेला. चार रंगांत चित्र उभं करणं ही ग्रीकांची जुनी, मानाची रीत. चित्रकारांनी दिखावा तिचा ठेवला आणि हाताशी असलेला निळाही सोडला नाही, असा या संशोधकांचा तर्क.

हे कळलं कसं? या निळ्यातल्या तांब्याच्या संयुगावर साधा दृश्य प्रकाश पडला की ते अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडतं, सुमारे ९१० नॅनोमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही. पण डिजिटल कॅमेऱ्यातला अवरक्त अडवणारा फिल्टर काढून दृश्य प्रकाश रोखणारा बसवला, की रंगाचा एखादा कणही पांढराशुभ्र चमकतो. चित्राचा कपचाही काढावा लागत नाही. त्यामुळे गेटी म्युझियमने २०१३ साली सुरू केलेल्या प्रकल्पात अनेक देशांतली संग्रहालयं आपापल्या फळ्या अशाच तपासून नोंदी एकत्र करू लागली.