लांगदॉक: ‘वाइन’ या एका शब्दावरून पेटलेला वाद

दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकमध्ये द्राक्षं रोमन काळापासून आहेत. पण आजचा लांगदॉक घडला तो रेल्वे आणि फिलॉक्सेरा नावाची कीड या दोन गोष्टींमुळे. १८५०च्या दशकात रेल्वे आली आणि इथली स्वस्त तांबडी वाइन उत्तरेतल्या कामगारांच्या जेवणात पोहोचली. पुढच्याच दशकात वेलींची मुळं शोषणारी ती अमेरिकी कीड लांगदॉकमधल्या गार (Gard) जिल्ह्यात दिसली. वाळूत ती टिकत नाही, म्हणून एग-मोर्तच्या किनारी वाळूतल्या वेली बचावल्या. इतरत्र या किडीला तोंड देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमं करावी लागली. (आपल्याकडे द्राक्षबागांत डॉगरिज नावाचा खुंट वापरतात तो मुख्यतः पाणीटंचाई आणि क्षारांमुळे.) नव्या बागा डोंगरउतार सोडून सपाटीवर आल्या. तिथे आरामों जातीची वेल हेक्टरी दहा हजार लिटरहून जास्त वाइन देई, पण फिकी.

खरा वाद इथून सुरू होतो. ताज्या द्राक्षांचा रस आंबवून होते तीच वाइन, असं १८८९च्या कायद्याने ठरवलं होतं. तरी रस काढून झालेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून तो पुन्हा आंबवायचा आणि तेही वाइन म्हणून खपवायचं, हा धंदा थांबला नाही. त्यात १९०३मध्ये साखरेवरचा कर निम्म्याहून खाली आणला गेला. उत्तरेत ऊन कमी, द्राक्षात साखर कमी, म्हणून तिथे रसात साखर घालून वाइनमधलं मद्यार्क वाढवतात; त्यामुळे उत्तरेला आणि बीटसाखरवाल्यांना हे सोयीचं होतं. दक्षिणेत ऊनच इतकं, की साखरेची गरज क्वचितच. त्या काळात वाइनचे भाव कोसळले; त्याला अतिउत्पादन आणि अल्जीरियातली वाइन हीही कारणं होती, हे मान्य. पण स्वतः ठरवलेली व्याख्या सरकारने पाळली नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती.

११ मार्च १९०७ रोजी लांगदॉकमधल्या आर्जलिए गावातून ८७ शेतकरी गाऱ्हाणं मांडायला नारबोन शहरात चालत गेले. आंदोलन पसरलं आणि ९ जूनला मोंपेलिए शहरात पाच लाखांहून जास्त माणसं जमली. दहा दिवसांनी नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, दोन दिवसांत सहा माणसं गेली. बेझिएच्या वेलीवाल्यांच्या घरातूनच भरती झालेल्या पायदळाच्या तुकडीने बंड केलं. २९ जूनच्या कायद्याने वाइनसाठीच्या साखरेवर जादा कर बसवला आणि प्रत्येक बागायतदाराला दरवर्षी उत्पादन जाहीर करणं सक्तीचं केलं.

१९७६मध्ये स्वस्त आयातीविरुद्धच्या आंदोलनात मोंरदों इथे पुन्हा गोळ्या झडल्या. एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी मारला गेला. त्यानंतर अनुदान घेऊन लाखाहून जास्त हेक्टरवरच्या वेली उपटल्या गेल्या. सपाटीवरचा आरामों जवळजवळ संपला, उतारांवर सिरा, ग्रनाश या जाती आल्या. २८ जून २०१९ला लांगदॉकमधल्या एरो जिल्ह्यात पारा ४६ अंशांवर गेला आणि वेलींची पानं उभ्या उभ्या करपली. उत्तरेला ठरावीक मर्यादेत साखर घालायची मुभा अजूनही आहे. लांगदॉकला ती एरवी मिळत नाही.