सोसायटीत शेजाऱ्याने जास्त पार्किंग अडवले असेल तर : अर्ज कोणी, कोणाकडे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावा

एका सदनिकेच्या दोन-तीन गाड्या छताखाली उभ्या असतात आणि त्याच मजल्यावरचा दुसरा सभासद रोज रात्री रस्त्यावर जागा शोधत फिरतो, तेव्हा त्याच्या हातून पहिला कागद बहुधा शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीचा लिहिला जातो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींची (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांची) रचना पाहिली तर हा क्रम उलटा आहे. ‘त्याची दुसरी जागा काढून घ्या’ या तक्रारीपेक्षा ‘माझ्याकडे एकही जागा नाही, ती मला द्या’ ही मागणी अधिक वजनदार ठरते, कारण शेजाऱ्याकडची दुसरी जागा टिकणार की जाणार हे उपविधीनुसार एकही जागा नसलेल्या सभासदाच्या मागणीवरच अवलंबून असते.

२०१४च्या आदर्श उपविधींत वाहने उभी करण्याच्या जागांविषयीचे नियम ७८ ते ८४ या क्रमांकांत आहेत. आपल्या संस्थेने कोणती आवृत्ती स्वीकारून नोंदवून घेतली आहे हे सचिवांकडील प्रतीवरून आधी पाहावे, कारण जुन्या संस्थांत क्रमांक वेगळे असू शकतात.

पात्रता

अर्जदार सभासद असावा आणि त्याच्याकडे वाहन असावे, ही मूळ अट आहे. वाहन त्याच्या स्वतःच्या मालकीचे, नोकरीच्या ठिकाणाहून त्याला मिळालेले, तो भागीदार असलेल्या पेढीचे किंवा संचालक असलेल्या कंपनीचे असले तरी चालते. गाडी मुलाच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर ती गोष्ट अर्जातच स्पष्ट लिहावी. संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या बैठकीत कोणीतरी ती काढणारच, आणि तेव्हा ती लपवल्यासारखी दिसते. भाडेकरूने स्वतःच्या नावाने अर्ज करण्याऐवजी घरमालक सभासदाकडून तो करवून घ्यावा.

सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकापेक्षा जास्त जागा मिळू शकत नाही. मागणीअभावी जागा शिल्लक राहिल्या तरच त्याच सभासदाला दुसरी किंवा तिसरी जागा देता येते, आणि तीसुद्धा वर्षापुरती, ज्याला एकही जागा मिळालेली नाही अशा दुसऱ्या सभासदाला तिची गरज नसेल तोपर्यंतच. संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच नियम आहे. दहा वर्षे तीच गाडी तिथे उभी आहे, तिच्यावर कव्हर आहे आणि चाकांतली हवाही गेली आहे, यावरून शेजाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. त्याच्याकडे चालू वर्षाचे वाटप आहे का, एवढेच विचारायचे. जागांपेक्षा पात्र सभासदांच्या गाड्याच जास्त असतील तर समितीने दरवर्षी सोडत काढून वाटप करायचे असते. दुचाकीसाठी समितीची वेगळी पूर्वपरवानगी लागते आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेले शुल्क भरावे लागते.

‘ही जागा मी बिल्डरकडून विकत घेतली आहे’ हे उत्तर हमखास येते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच त्याचा विचार करावा. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला की, इमारतीच्या खांबांमधली स्टिल्टची जागा किंवा मोकळे पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे आणि विकासकाला ते सदनिकेसारखे स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातही मोकळे पार्किंग सामाईक क्षेत्रात धरले आहे, आणि गॅरेज म्हणजे छत व तीन बाजूंना भिंती असलेली जागा अशी व्याख्या आहे. तरीही नोंदणीकृत करारात आच्छादित जागेचा उल्लेख असेल तर समिती तो सहजासहजी बाजूला सारत नाही आणि वाद न्यायालयातच सुटतो. म्हणून शेजाऱ्याचा दावा तोंडी आहे, साध्या पावतीचा आहे की नोंदणीकृत कराराचा आहे, हे समितीला लेखी विचारून घ्यावे.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज सचिवांच्या नावे करायचा असतो. त्याला वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, भाग प्रमाणपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत, देखभाल शुल्काची अलीकडची पावती आणि सदनिकेच्या कराराचे ज्या पानावर पार्किंगचा उल्लेख आहे किंवा मुद्दाम नाही ते पान जोडावे. गाडी कंपनीची असेल तर कंपनीचे पत्र लागेल. थकबाकी असेल तर ती आधी भरलेली बरी, नाहीतर चर्चा पार्किंग सोडून थकबाकीवरच होते. मजकूर चार-पाच वाक्यांचा पुरे : ‘मी सदनिका क्रमांक अमुकचा सभासद असून माझ्या मालकीच्या अमुक क्रमांकाच्या चारचाकी वाहनासाठी मला आजवर एकही जागा देण्यात आलेली नाही. संस्थेतील काही सभासदांकडे एकापेक्षा अधिक जागा आहेत. उपविधींनुसार अशा अतिरिक्त जागांचे वाटप वर्षापुरते असल्याने त्यांचा फेरविचार करून मला एक जागा द्यावी आणि चालू वर्षाच्या वाटप नोंदवहीची प्रत द्यावी.’ यात शेजाऱ्याचे नाव नाही, हे मुद्दाम आहे. नाव आले की त्याच्या कुत्र्यापासून त्याच्या पाहुण्यांपर्यंत सगळे विषय बैठकीत निघतात आणि मूळ मागणी मागे पडते.

अर्ज दोन प्रतींत करून आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. सचिव ‘राहू द्या, एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) बघू’ असे म्हणाले आणि पोच देण्याचे टाळले, तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने संस्थेच्या पत्त्यावर पाठवावा आणि पावती सांभाळून ठेवावी. पोच नसलेला अर्ज पुढे कोणत्याही कार्यालयात उपयोगाचा नसतो.

तक्रार केव्हा आणि कोणाकडे

शेजारी वाटपाविनाच जागा वापरत असेल, दोन जागांच्या मधल्या रेषेवर गाडी लावत असेल किंवा रिकाम्या जागेत कुंड्या आणि बंद स्कूटर ठेवून ती राखत असेल, तर मात्र वेगळा तक्रार अर्ज करावा. त्याला वेगवेगळ्या दिवशी काढलेली छायाचित्रे जोडावीत. त्यांत गाडीचा क्रमांक आणि जमिनीवर रंगवलेला जागेचा क्रमांक एकाच चौकटीत दिसला पाहिजे. तक्रारीवर समितीने लगतच्या बैठकीत निर्णय घेऊन तो १५ दिवसांत कळवावा, अशी उपविधीत तरतूद आहे. नियम मोडणाऱ्याला दंड करायचा झाल्यास त्याला आधी कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. हा टप्पा गाळून लावलेला दंड वादात टिकत नाही.

समितीचा निर्णय मान्य नसेल किंवा उत्तरच आले नाही, तर पुढचे दार कोणते, यात बहुतेकांची चूक होते. पार्किंगचा वाद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे घेऊन गेल्यास तो बहुधा परत पाठवला जातो, कारण उपविधींच्या तक्रार निवारणाच्या भागात पार्किंग हा विषय सहकार न्यायालयाकडे सोपवलेला आहे आणि तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ९१ खाली वाद दाखल करावा लागतो. उपनिबंधकांकडे जायचे ते समितीच्या कामकाजाविषयी, म्हणजे मागूनही नोंदींच्या प्रती दिल्या नाहीत, बैठकाच होत नाहीत किंवा वार्षिक सभा मुदतीत बोलावली नाही, यासाठी. हा मार्ग दुय्यम वाटला तरी उपयोगी आहे, कारण वाटप नोंदवही आणि ठरावांच्या प्रती हाती आल्याशिवाय न्यायालयातली बाजू लंगडीच राहते.

वादाच्या अर्जात संस्थेला आणि संबंधित शेजाऱ्याला, दोघांनाही प्रतिवादी करावे. आधीचे अर्ज, त्यांच्या पोच, छायाचित्रे, उपविधींची प्रत, मंजूर नकाशा आणि मिळाले असतील ते ठराव सोबत द्यावेत. निकाल लागेपर्यंत ती जागा कोणालाही नव्याने देऊ नये, असा अंतरिम आदेश मागता येतो. वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारावे. निकाल विरोधात गेला तर सहकार अपील न्यायालयात दोन महिन्यांच्या आत अपील करता येते.

पोलिसांकडे धाव घेण्याने जागेचे वाटप होत नाही. मात्र गाडीमुळे अग्निशमन दलाच्या बंबाचा मार्ग अडत असेल, तर तो वाटपाचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी समितीबरोबरच अग्निशमन दलालाही थेट लेखी कळवावे.

जागा मंजूर झाली की ठरावाची प्रत आणि वाटपपत्र मागून घ्यावे. त्यावर जागेचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि वाटपाची मुदत असावी. शुल्क त्या दिवसापासून, गाडी उभी केली नाही तरी, द्यावे लागते. सोडतीने वर्षापुरती मिळालेली जागा असेल तर मुदत संपण्यापूर्वी पुढच्या वर्षाचा अर्जही पोच घेऊनच द्यावा.